दोराचं वरचं टोक

"पोहता येतं का, असं काय विचारता साहेब? हा पाळण्यातून थेट पाण्यात उतरलेला आहे."

हे वाक्य बोललं गेलं त्याला बावीस वर्षं झाली, पण धाकट्याच्या कानात ते अजून ओलंच आहे. आवाज थोरल्यांचा. जागा पाणीपुरवठा खात्याची कचेरी, भिंतींना ओल, टेबलावर काचेखाली दाबलेली कुणाकुणाची सुट्टीची पत्रं. धाकटा तेव्हा पंचवीस वर्षांचा होता. लग्नाला चार महिने झाले होते, हाताला काम नव्हतं आणि अंगातला इस्त्रीचा शर्टही मागून आणलेला होता. थोरले म्हणजे त्याच्या बायकोच्या मोठ्या बहिणीचे यजमान, नात्याने साडू. ते खात्यात पाणबुडे होते, आणि त्यांचा दोर धरणारा माणूस नुकताच निवृत्त झाला होता. आपल्या माणसाला लावून द्यावं म्हणून ते धाकट्याला हाताला धरून घेऊन आले होते.

धाकट्याने तोंड उघडलं होतं, हे त्याच्या बाजूने सांगायलाच हवं. "नाही हो, मला काही..." एवढं तो म्हणणारही होता. पण साहेब हसले, थोरल्यांनी पाठीत प्रेमाची थाप घातली, आणि उघडलेल्या तोंडातून बाहेर आला तो नुसता खोकला. त्या खोकल्यावर त्याला नोकरी लागली.

थोरल्यांचा तरी काय दोष? लग्नानंतर ते पहिल्यांदा घरी आले तेव्हा कपाटावर एक चषक मांडलेला होता. कशाचा म्हणून त्यांनी विचारलं, तर धाकट्याची आई आतूनच म्हणाली, शर्यतीचा. चषक होता सावकाश सायकल चालवण्याच्या शर्यतीचा, जिच्यात सगळ्यांच्या मागून पोचणारा पहिला येतो. पण थोरले पाण्यातला जीव. शर्यत म्हटली की त्यांच्या डोळ्यांसमोर पोहण्याचीच यायची.

तर असं होतं. ज्याला गुडघ्याच्या वर पाणी आलं की देव आठवायचा, तो बावीस वर्षं जलाशयाच्या मधोमध होडीत बसून दुसऱ्याच्या जिवाचा दोर धरत होता.

काम असं. शहराला पाणी जातं ते जलाशयातल्या मनोऱ्यातून. मनोऱ्याच्या पायथ्याशी, पाण्याखाली तीस फुटांवर, लोखंडी जाळ्या आहेत. त्यांच्यात फांद्या अडकतात, शेवाळ अडकतं, पिशव्या अडकतात, एकदा तर अख्खी आरामखुर्ची अडकली होती. थोरले पाठीला सिलिंडर लावून खाली जायचे, जाळ्या मोकळ्या करायचे, बोल्ट चाचपायचे. चाचपायचेच, कारण खाली गढूळ अंधारात आपला हात आपल्यालाच अर्ध्या कोपरापर्यंत दिसतो. वरचं पाणी उन्हाचं, मधलं पाणी सावलीचं, तळचं पाणी कुणाचंच नाही. तिथून माणूस बोलणार कसा? म्हणून कमरेला दोर आणि दोराची भाषा. एक झटका, सगळं ठीक. दोन झटके, दोर सोड. तीन, वर येतोय. चार, मला ओढून घे.

ही भाषा धाकट्याइतकी कुणालाच येत नव्हती, हे मात्र शंभर टक्के खरं. दोर त्याच्या बोटांत आला की बोटांना कान फुटायचे. थोरले खाली शिंकले तरी याला वर कळायचं. बोल्ट सैल निघाला की दोर कसा चिडतो, जाळी साफ झाली की कसा सैलावतो, आदल्या दिवशी थोरल्यांचं घरी ताईंशी, म्हणजे त्यांच्या बायकोशी, वाजलं असेल तर दोर कसा हिसडे देतो, सगळं त्याला पाठ होतं. बायकोचं मन तुम्हाला इतकं कळलं असतं तर, असं त्याची बायको अधूनमधून म्हणायची.

आणि धाकटा बुडू न देणारं नारिंगी जॅकेट अंगावरून कधी उतरवत नसे. होडीत तर नाहीच, काठावर नाही, धरणाच्या पायऱ्यांवरही नाही. एकदा तो कचेरीच्या वार्षिक बैठकीत ते घालून बसला होता, कारण बैठक होती तळमजल्यावर आणि टाकी होती गच्चीवर. खात्याला वाटलं, काय ही शिस्त. त्यांनी त्याचा फोटो काढला, खाली "सुरक्षा आधी" असं छापलं आणि प्रत्येक पंपघरात लावला. धाकटा त्या फोटोसमोरून मान खाली घालून जायचा. लोकांना तो विनय वाटायचा.

हे सगळं एक वेळ निभावलं असतं. पण थोरल्यांचं एक बोलणं होतं. सुट्टीच्या दिवशी दोन्ही घरं एकत्र जेवायला बसली, की कुणीतरी पाहुणा हमखास विचारायचा, अहो, इतक्या खोल अंधारात भीती नाही का वाटत? थोरले घास चावून संपवायचे, पाणी प्यायचे आणि धाकट्याकडे बोट दाखवून म्हणायचे, "कसली भीती? वर साडू आहे. माझं काही बिनसलं तर हा मागचापुढचा विचार न करता उडी मारणार." आणि प्रत्येक वेळी धाकटा ताटातला भात नुसता चिवडत राहायचा. पोहता न येण्याची लाज त्याने कधीच पचवली होती. हे वाक्य पचत नव्हतं.

मग खात्यात नव्या सुरक्षा अधिकारी बाई आल्या. वयाने लहान, अंगाने काटकुळ्या, गळ्यात शिट्टी. त्यांनी आठवड्याभरात सगळ्या शिड्या मोजल्या, सगळे दोर ओढून पाहिले आणि एक कागद लावला. यापुढे पाणबुड्याचा दोर धरणारा स्वतः बुडी मारू शकणारा हवा. परीक्षा दोन आठवड्यांनी, गुरुवारी. एक, दोनशे मीटर पोहणे. दोन, सिलिंडर लावून तळाशी जाणे आणि जाळीला अडकवलेली लोखंडी पट्टी बारा मिनिटांच्या आत वर आणणे. जो नापास होईल त्याची बदली मीटर वाचण्याच्या कामावर.

कागद वाचून थोरले इतके खूश झाले की त्यांनी सगळ्यांना चहा पाजला. आता तरी या गुणी माणसाचं चीज होईल, असं ते म्हणत होते. धाकट्याच्या तोंडचं पाणी पळालं होतं. मीटर वाचायला त्याची हरकत नव्हती. मीटर कोरडे असतात. पण नापास झाला की पहिला प्रश्न येणार होता, मग बावीस वर्षं वर बसून काय करत होतास? आणि तो थोरले विचारणार होते.

बायकोला खरं काय ते पहिल्या वर्षीच ठाऊक झालं होतं. तिने कणीक मळता मळता ऐकून घेतलं आणि सांगितलं, सांगून टाका.

"बावीस वर्षांनी सांगू?"

"मग काय तेवीस पूर्ण होऊ देताय?"

धाकट्याने सांगायचं ठरवलं. सोमवारी होडीत त्याने सगळं बळ गोळा केलं. थोरले काठावर बसून पायात रबरी पंख चढवत होते. साडूभाऊ, एक बोलायचं होतं, असं तो म्हणाला. बोल की, असं म्हणून थोरल्यांनी हवेची नळी तोंडात घेतली, मुखवटा डोळ्यांवर ओढला आणि मोठे मोठे डोळे करून मान हलवली, म्हणजे, बोल, मी ऐकतोय. आता अशा माणसाला काय सांगणार? धाकटा म्हणाला, नवीन दोर आणायला हवा. थोरल्यांनी अंगठा आणि बोट जुळवून बरोबर असं दाखवलं आणि पाठमोरे पाण्यात पडले. दोन दिवसांत नवीन दोर आला. उत्तम होता.

बोलून जमत नाही म्हटल्यावर त्याने लिहिलं. अर्ध्या कागदावर चार ओळी लिहून, घडी करून, पंपघराच्या दाराशी काढलेल्या थोरल्यांच्या बुटात ती चिठ्ठी खुपसली आणि दिवसभर दाराकडे डोळा ठेवून काम केलं. संध्याकाळी घरी जाताना त्याने आपल्या बुटात पाय घातला तर काहीतरी टोचलं. दोघी बहिणींना एकाच दुकानातून एकाच दिवशी एकसारखी खरेदी करायची सवय. नवरे दोन, पण बूट एकाच रंगाचे, एकाच मापाचे. आपणच लिहिलेली कबुली त्याने उभ्या उभ्या वाचली. अक्षर चांगलं आलं होतं.

शेवटी तो पोहायला शिकायला गेला. शहराच्या दुसऱ्या टोकाला एक तलाव होता, सकाळी सातला मोठ्यांसाठी वर्ग. मोठे म्हणजे चार निवृत्त बायका आणि धाकटा. त्यातल्या एक पूर्वी इस्पितळात मुख्य परिचारिका होत्या. त्यांनी पहिल्याच दिवशी त्याची अवस्था ओळखून त्याला ताब्यात घेतलं. पाण्याला मिठी मारू नका हो, त्या म्हणायच्या, त्याच्यावर पडून राहा, ते धरतं. पण ज्या हातांनी बावीस वर्षं फक्त धरायचंच काम केलं, ते हात सुटणार कसे? तो पाणी मुठीत पकडायला जायचा. पाणी बोटांतून निसटायचं आणि तो पाण्यातून. पाच दिवसांत त्याची प्रगती झाली ती एवढी, की परिचारिकाबाईंनी मोठ्याने अंक मोजले तर अकरापर्यंत तो तरंगायचा. बाराला तळाशी. परीक्षा होती दोनशे मीटरची.

सिलिंडरचं शिक्षण मात्र झोकात चाललं होतं. गाळणीघरातल्या रिकाम्या टाकीत कमरेइतकं पाणी भरून थोरले त्याला रोज दुपारी शिकवायचे. नळीतून श्वास घे, नाक दाबून कानातली हवा काढ, वर यायचं असेल तेव्हा हे बटण दाबून या बुडीच्या जॅकेटात हवा भर. धाकटा टाकीच्या तळाशी मांडी घालून बसायचा आणि शांतपणे बुडबुडे सोडायचा. हवं तेव्हा उभं राहता येतं म्हटल्यावर भीती कसली? थोरले सगळ्यांना सांगत सुटले, म्हटलं नव्हतं, पाण्यातलाच आहे तो.

गुरुवार उजाडला तो वारा घेऊन. जलाशयावर लाटा उठत होत्या, होडी डुलत होती. अधिकारी बाईंनी बोट ओलं करून वाऱ्यावर धरलं आणि ठरवलं की वर लाटा आहेत तोवर आधी तळाचं काम उरकू, पोहणं नंतर. धाकट्याला मरण अर्धा तास पुढे गेल्याचं समाधान मिळालं.

त्याच्यासाठी सगळा सरंजाम बंदरावरून उसना आणलेला होता, आणि त्यात कमरेचा शिशाचा पट्टा होता. थोरल्यांनी सकाळीच बजावलं होतं, हा पट्टा समुद्राचा आहे. खारं पाणी माणसाला वर ढकलतं म्हणून तिथे जास्त शिसं लागतं, आपल्या गोड्या पाण्यात तेवढं नको, त्यातल्या दोन वड्या काढून टाक. धाकट्याने मान डोलावली. मग मनोऱ्यामागे जाऊन त्याने आपला हिशेब केला. मला वर राहता येत नाही, हे तर ठरलेलंच. मग निदान खाली जाणं तरी ठणठणीत व्हावं, मध्येच कुठे लटकायला नको. पाय टेकले की मी सुरक्षित. त्याने दोन वड्या काढल्या नाहीतच, उलट खोक्यातल्या आणखी दोन चढवल्या. ज्याला पोहता येतं, त्याच्या डोक्यात असला विचार कधी येणार नाही.

थोरले म्हणाले, आज मी धरणार तुझा दोर. तुझं काही देणं आहे माझ्यावर.

धाकटा होडीच्या काठावर बसला, डोळे मिटले आणि मागे पडला. तो पडला तसा दिसेनासाच झाला. नांगराची साखळी हाताशी होती, तेवढी त्याने धरली. धरणं त्याला येत होतं. नाक दाबत, कान मोकळे करत, साखळीवरून तो भरभर खाली गेला. वरचं पाणी कोमट होतं, आंघोळीला काढल्यासारखं. मग एकाएकी, जणू कुणी दार उघडून आत घ्यावं, तसं थंडगार पाणी मानेभोवती आलं. हिरवं होतं ते तपकिरी झालं, तपकिरी होतं ते काळं झालं. आणि पाय टेकले. पोटरीपर्यंत गाळात, पण टेकले.

तो उभा राहिला. श्वास आत, श्वास बाहेर. वर जाणाऱ्या बुडबुड्यांचा गडगडाट, बाकी काहीच नाही. इथे त्याला कुणी पोहायला सांगत नव्हतं. ज्या पाण्याला तो जन्मभर भ्यायला, ते सगळं त्याच्या डोक्यावर निमूट उभं होतं, आणि खाली तो अंगणात आल्यासारखा उभा होता. त्याला हसू आलं. नळी तोंडात असताना हसू नये, हे त्याला तेव्हा कळलं.

मग दोर हलला. एक झटका. ठीक आहेस ना? त्याने एक उलटा दिला. लगेच पुन्हा एक. त्याने पुन्हा दिला. मग तीन, मग दोन, मग काहीतरी पाचेक. थोरल्यांना दोर धरता येत नव्हता. बावीस वर्षं ते खालच्याच टोकाला होते, वरच्या टोकाची भाषा त्यांना कोण शिकवणार? पण धाकट्याच्या बोटांना कान होते. झटके कितीही असोत, दोर सांगत होता तो एकच शब्द, आणि तो शब्द भीती होता. तिथे वर, उजेडात, मोकळ्या हवेत, साडूभाऊ घाबरले होते.

आणि मी इथे निवांत का आहे, धाकट्याने स्वतःला विचारलं. उत्तर कमरेलाच बांधलेलं होतं. वर ते आहेत म्हणून. काही बिनसलं तर ते येतील, आणि ते खरोखर येतील. बावीस वर्षं साडूभाऊ याच गाळात उभे राहून हेच समजत आले, आणि त्यांच्या दोराच्या वरच्या टोकाला एक नारिंगी जॅकेट बसलेलं होतं.

तीस फुटांखालची थंडी त्याला तेव्हा कुठे लागली.

तो चालू लागला. पंख गाळात फटाफटा आपटत, हात पुढे धरून, अंधारात खुंटी शोधावी तसा. वर बाईंना दिसलं ते असं, की बुडबुड्यांची एक रांग मनोऱ्याकडे सरळ निघाली आहे, ना वर ना खाली, एखादा पोस्टमन गल्लीतून जावा तशी. जाळी लागली, पट्टी लागली. ती जॅकेटात खोचून तो आल्या पावली परत आला आणि दोराला चार झटके दिले. बटण असतं, हवा भरायची असते, हे त्या क्षणी तो साफ विसरला होता.

थोरल्यांनी ओढलं. दोर ताणला, होडी कलली, माणूस हलेना. मग होडीचा नावाडी वल्ही सोडून मदतीला लागला. मग बाईंनी शिट्टी दातात धरून दोराला हात घातला. थोरले दम टाकत म्हणत होते की बायकोच्या हातचं जेवण आता बंद करायला हवं याचं. तिघांनी मिळून धाकट्याला मोठ्या तोलाच्या माशासारखा होडीत घेतला तेव्हा घड्याळात साडेदहा मिनिटं झाली होती, आणि पट्टी त्याच्या छातीशी होती.

थोरल्यांनी पट्ट्यातल्या वड्या मोजल्या. दोनदा मोजल्या. मग बाईंकडे वळून भरल्या आवाजात म्हणाले की बघा, तळाला पक्कं उभं राहून काम करता यावं म्हणून या माणसाने जास्तीचं शिसं घेतलंय, हे धाडस माझ्याच्याने झालं नसतं. बाईंनी कपाळावरचं पाणी पुसलं. एवढं लोढणं घेऊन जो पाण्यात उतरतो आणि चालत परत येतो, त्याचं पोहणं मी काय तपासू, असं त्या म्हणाल्या. दुसऱ्या रकान्याबरोबर पहिल्यातही त्यांनी बरोबरची खूण केली, अभिनंदन केलं, आणि त्यांची गाडी धरणावरून धूळ उडवत निघून गेली.

झालं. धाकटा पास झाला होता. आता जगात कुणीही, कधीही त्याला पोहून दाखव म्हणणार नव्हतं.

वारा पडला होता. दोघे साडू पायऱ्यांवर बसले, मध्ये चहाचा थर्मास. थोरल्यांचे तळवे दोराने सोलवटले होते. ते त्यांच्यावर फुंकर घालत होते. मग, न विचारताच, ते बोलू लागले. वर बसणं म्हणजे आराम, असं त्यांना इतकी वर्षं वाटत आलं होतं, आणि आज साडेदहा मिनिटांत जीव दहादा कंठाशी आला होता. तू हे रोज कसं करतोस, असं त्यांनी विचारलं, आणि उत्तराची वाट न पाहता पुढचं सांगितलं. तळदरवाजा त्यांच्या मनात होता. धरणाच्या पोटातला, साठ फुटांवरचा, अंग चोरून आत शिरायचं तो. सहा वर्षं साहेब मागे लागले होते आणि सहा वर्षं ते नाही म्हणत होते, कारण तिथे अडकलं तर नुसता दोर ओढून भागत नाही, कुणीतरी खाली यावं लागतं.

"सोमवारी जातो," थोरले म्हणाले. "आता काय. आता तू येशील."

ते हसत होते. लहान मूल शाळेच्या दारात आईचा हात सोडून आत जाताना हसतं तसं. धाकट्याने कप खाली ठेवला. गप्प बसायला आज काहीच लागणार नव्हतं, खोकलासुद्धा नाही. समोर जलाशय आरशासारखा झाला होता, वरून बघणाऱ्याला तळ आहे की नाही हेही सांगत नव्हता. धाकट्याने थोरल्यांचे सोलवटलेले तळवे पाहिले, आणि मग, इतकी वर्षं ज्याने दोरातून त्यांचं सगळं ऐकलं होतं, तो पहिल्यांदा सरळ त्यांच्या तोंडाकडे बघून बोलला.

"साडूभाऊ, सोमवारी जाऊ नका. मला पोहता येत नाही. आजही येत नाही, आणि तुम्ही मला कचेरीत नेलंत त्या दिवशीही येत नव्हतं."